शिंगांची मोजदाद

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग, माँटाना आणि डकोटा या मुलुखांत मैलोगणती पसरलेल्या गवताळ माळांवर, जेथे दृष्टीला अडवील असे झाड नाही आणि अंतराचा अदमास घ्यावा अशी ओळखीची वस्तूही नाही, तेथे प्रॉन्गहॉर्न नावाचा तांबूस-पांढऱ्या रंगाचा एक चपळ प्राणी राहतो. आणि त्याच्या मस्तकावरची काळी शिंगे किती इंच भरतील याचा निर्णय दुर्बिणीतून, दूर अंतरावरून, तो कळपासह दिसेनासा होण्यापूर्वी करणे हे तेथील शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केलेले कसब आहे. या कसबाचा इतिहास मला अभ्यसनीय वाटतो, कारण एक प्राणिजात नामशेष होण्याच्या काठावरून कशी परतली याची हकिगत त्याच्याशी निगडित आहे.

मिसुरी नदीच्या काठाने वर चढत असलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या सरकारी मोहिमेत १८०४ च्या सप्टेंबरमध्ये क्लार्कने या जातीचा एक नर मारला आणि रोजनिशीत त्याची नोंद त्या देशातला बोकड अशी केली. पुढे १८१५ साली जॉर्ज ऑर्ड याने त्याला शास्त्रीय नाव दिले. लोकव्यवहारात मात्र त्याला अँटिलोप म्हणण्याची रूढी पडली, आणि त्यामुळे आपल्या काळविटाचा हा कोणी दूरचा भाऊबंद असावा असा समज सहज होतो. वस्तुतः तो आपल्या कुळाचा आज उरलेला एकमेव वंशज आहे. कोल्हापूर दरबारात काळविटामागे शिकवलेला चित्ता सोडण्याची प्रथा होती हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. प्रॉन्गहॉर्नचा ताशी पन्नास मैलांहून अधिक असलेला वेग हाही, अमेरिकेतून सहस्रावधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या चित्तासदृश श्वापदाच्या पाठलागामुळेच त्याच्या अंगी बाणला असावा, असे काही प्राणिशास्त्रज्ञांचे मत आहे.

काळविटाची पिळदार शिंगे जन्मभर टिकतात. प्रॉन्गहॉर्नची गोष्ट निराळी. त्याच्या कवटीवर हाडाचा एक चपटा गाभा असतो, त्यावर शिंगाचे काळे आवरण चढते, मध्यावर पुढच्या बाजूस त्याला एक आखूड फांदी फुटते, आणि शरद ऋतूतील माजाचा काळ सरला की हे आवरण गळून पडून खालून नवे वाढू लागते. कॅलिफोर्नियातील डॉक्टर कॅनफील्ड याने ही गोष्ट १८५८ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील बेअर्ड या विद्वानास कळवली. परंतु पोकळ शिंगे कधी गळत नाहीत हा त्या काळचा दृढ सिद्धांत असल्याने त्याच्या निरीक्षणावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १८६५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाळलेल्या एका नराची शिंगे तेथील अधीक्षक बार्टलेट याच्या देखत गळाली, तेव्हा कोठे कॅनफील्डच्या कथनास मान्यता मिळाली. प्रत्यक्ष माळावर राहून डोळसपणे पाहणाऱ्या मनुष्याची साक्ष सात वर्षे दप्तरात पडून राहावी, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

दरम्यान त्या माळांवर संहार चालू होता. रेल्वे आली, वसाहती वाढल्या, मांस गाड्या भरभरून बाजारात जाऊ लागले, कुरणांवर गुरे आणि मेंढ्या चढल्या, आणि तारेची कुंपणे पडली. कुंपणावरून उडी मारण्याची सवय या प्राण्यास जवळजवळ नाहीच. तो तारेखालून सरपटत जातो, आणि तार जमिनीला लागून असली की हिमवादळात तेथेच अडकून मरतो. पूर्वी कोट्यवधींनी मोजावी लागणारी ही जात १९२२ ते १९२४ या काळात नेल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने केलेल्या शिरगणतीत सुमारे तीस हजारांवर आलेली आढळली.

शिंगे मोजण्याची पद्धत याच ऱ्हासकाळात बांधली गेली. लंडनचा, प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरणारा कारागीर रोलँड वॉर्ड याने १८९२ साली जगभरातील शिकारीच्या शिंगांच्या मापांचे पुस्तक काढले होते, आणि हिंदुस्थानातील संस्थानिक व गोरे अंमलदार आपापल्या काळविटांची मापे पुढे त्याच्याच आवृत्त्यांशी ताडून पाहत. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट, ज्याने डकोटातील आपल्या गुरांच्या वाड्यावर राहत असताना प्रॉन्गहॉर्नची शिकार केली होती व तीवर विस्ताराने लिहिले होते, त्याच्या पुढाकाराने १८८७ साली शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन झाला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक हॉर्नडे याने मस्तके आणि शिंगे यांचा जो राष्ट्रीय संग्रह उभारला, तो जगातून लोपत चाललेल्या मोठ्या वन्य प्राण्यांच्या स्मरणार्थ अर्पण केलेला होता. हे प्राणी उद्या नसतील, निदान त्यांच्या थोरवीचा लेखी पुरावा मागे राहावा, या भयातून ही दप्तरे उघडली गेली. भिंतीवरच्या मुंडक्यांकडे आज आपण वेगळ्या नजरेने पाहत असू. तथापि ज्यांनी प्रथम फीत हाती घेतली त्यांच्या मनातील शोक मला खरा वाटतो.

क्लबाने १९३२ साली पहिले नोंदपुस्तक छापले तेव्हा क्रम लावण्यास मुख्यतः एकच माप पुरेसे मानले जाई, ते म्हणजे लांबी. साहजिकच उंच शिंगाचा नर तो श्रेष्ठ, मग ते शिंग काठीसारखे बारीक का असेना. १९५० साली सॅम्युएल वेब याच्या अध्यक्षतेखालील समितीने नवी रीत ठरवली. तिच्यानुसार प्रॉन्गहॉर्नच्या प्रत्येक शिंगाची बाहेरच्या वळणाने लांबी, बुंध्याचा घेर, त्यावर लांबीच्या चतुर्थांशाने घेतलेले आणखी तीन घेर, आणि फांदीची लांबी, अशी सहा मापे इंचाच्या अष्टमांशापर्यंत घ्यावयाची, त्यांची बेरीज करावयाची, आणि डाव्या-उजव्यातील तफावत वजा करावयाची. ओल्या शिंगाचे आकुंचन होते म्हणून मारल्यानंतर साठ दिवस वाळवल्याखेरीज अधिकृत मोजणी होत नाही. या हिशेबाचा परिणाम विलक्षण झाला: भरदार शिंगाच्या चार घेरांची बेरीज बहुधा त्याच्या लांबीहून अधिक भरते, त्यामुळे जाडीला असे महत्त्व आले की जे पूर्वीच्या शिकाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

फितीने नियम बदलला तशी माळावरची नजरही बदलली. जिवंत प्राण्यास फीत लावता येत नाही, म्हणून त्याच्याच अंगावरचे गज शोधले गेले. प्रॉन्गहॉर्नचा कान सुमारे सहा इंच; शिंग कानाच्या अडीचपट भासले तर ते पंधरा इंचांच्या आसपास. फांदी कानाच्या शेंड्याहून वर फुटलेली असेल तर शुभलक्षण, कारण तिच्या खालचा भाग जाड राहून घेर वाढतात. डोळा दोनएक इंचांचा. बाजूने पाहता शिंगाचा बुंधा त्याहून रुंद दिसला पाहिजे. समोरून सरळ उभी शिंगे असतात त्याहून लांब वाटतात, आणि ज्यांची टोके आत किंवा मागे आकडीसारखी वळलेली असतात त्यांची कित्येक इंच लांबी त्या वळणात लपून राहते. यास्तव जाणता शिकारी तो नर मान वळवून सर्व बाजू दाखवीपर्यंत बंदुकीला हात लावत नाही. ऑगस्टच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून उठणारी मृगजळाची थरथर दुर्बिणीत शिंगाला लांबवते, हेही त्याने अनुभवाने जाणलेले असते. असा मनुष्य सकाळपासून दहा नर पाहून एकावरही गोळी झाडत नाही, आणि मला या कसबाचे खरे मूल्य त्या न झाडलेल्या गोळ्यांत दिसते.

जातीचे पुनरुज्जीवन अर्थात केवळ शिकाऱ्यांच्या संयमाने झाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांनी शिकारीस बंदी केली, १९३१ मध्ये नेव्हाडात शेल्डन आणि १९३६ मध्ये ओरेगॉनात हार्ट माउंटन ही आश्रयस्थाने राखली गेली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील कर वन्यजीवांच्या कामी लावून दिला. कळप पकडून ओसाड माळांवर नेऊन सोडण्यात आले. हळूहळू बंदी उठून मोजके परवाने देण्याचा शिरस्ता पडला, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संख्या दहा लाखांच्या घरात गेली.

एका बाबतीत मात्र या मोजणीचा पाया मला डळमळीत वाटतो. मोठे शिंग ते म्हाताऱ्या नराचे, त्याने आपला वंश वाढवून झालेला, म्हणून त्याला मारण्याने कळपाची हानी नाही, हा युक्तिवाद पहाडी मेंढ्यास लागू पडतो, कारण त्याचे शिंग वर्षानुवर्षे वाढत जाते. प्रॉन्गहॉर्नचे शिंग दर वर्षी नवे येते. दोन-तीन वर्षांच्या नराला ते जवळजवळ पूर्ण आकाराचे फुटते, आणि पुढे त्याची भर वयापेक्षा त्या सालच्या पावसावर आणि चाऱ्यावर अवलंबून राहते. चांगल्या सालचे उत्तम शिंग ऐन उमेदीतल्या नराच्या डोक्यावर असू शकते, आणि माळावरचा शिकारी कान, डोळा व फांदी यांवरून इंच कितीही अचूक सांगो, नराचे वय त्याला त्यातून सांगता येत नाही.