कडू वेलाचे पंचांग

भाद्रपद वद्य पक्षापासून आश्विन वद्य चतुर्दशीपर्यंत फार तर दीड महिना होतो. एवढ्या काळात आपल्या घरांत कडू फळ तीनदा मानाने येते. पितृपक्षात श्राद्धाच्या पानावर कारल्याची भाजी वाढतात. नवरात्रात भोंडल्याचा फेर धरून मुली कारल्याच्या वेलाचे गाणे म्हणतात. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट म्हणजे कारले नव्हे. ते काकडी-खरबुजाच्या जवळचे रानफळ, कोठे त्याला चिराटे म्हणतात. पण कडूपणात ते कारल्याला हार जाणार नाही.

गोडाधोडाच्या दिवसांत ही कडू मंडळी कशी शिरली, हा प्रश्न मी इतिहास शिकवणारी बाई म्हणून विचारते. उत्तरासाठी आधी ग्रंथ पाहावेत, ही आमची सवय.

ग्रंथांत कारले आहे. चरक आणि सुश्रुत ह्यांच्या संहितांत ते ‘कारवेल्लक’ ह्या नावाने येते, आणि आपले ‘कारले’ त्या नावाचेच झिजलेले रूप. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशातही ते आहे. बटाटा, मिरची, टोमॅटो ही सगळी मंडळी पोर्तुगीज आल्यानंतरची; कारले त्यांच्या फार आधीचे रहिवासी. मोमॉर्डिका ह्या त्याच्या वंशाचे अगदी मूळचे घर आफ्रिकेत असावे, असे आता वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. पण ते स्थलांतर इतके जुने की कारल्याला परके म्हणण्यात अर्थ नाही.

पुढचा टप्पा मला फार आवडतो, कारण त्यात गोव्याची माणसे आहेत. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान र्‍हीड ह्याने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हे त्याचे नाव; १६७८ ते १६९३ ह्या वर्षांत आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. ह्या कामात इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तीन कोकणी वैद्य होते. त्यांच्या समाजाची माणसे गोवा सोडून कोचीनला जाऊन राहिलेली. पहिल्या खंडात ह्या तिघांचे साक्षीपत्र कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेले आहे. आणि १६८८च्या आठव्या खंडात ‘पांडि पावेल’ ह्या मलयाळी नावाने आपले कारले, चित्रासकट, हजर आहे. हिंदुस्थानात कधी पाऊल न टाकलेल्या लिनियसने १७५३ साली कारल्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याच्यापुढे हा ग्रंथ होता. ‘मोमॉर्डिका’ शब्दात चावण्याचा लॅटिन धातू आहे. बीची कड कोणीतरी दातांनी कुरतडल्यासारखी दिसते म्हणून. ज्याने कारल्याचे बी हातात धरले असेल त्याला हे लगेच पटेल.

असो. ह्या साऱ्या ग्रंथांत कारल्याचे गुण सापडतात. आळे कोणी केले, मांडव कोणी घातला, भाजी कोणी चिरली, ह्याचा मात्र पत्ता लागत नाही. ती नोंद भोंडल्याच्या गाण्यात आहे.

गाणे घरोघर ठाऊक आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लागतो, तर त्याला फूल येऊ दे. फूल येते, तर फळ धरू दे. मग भाजी, मग जेवणे, मग उष्टी-खरकटी. पाठ गावोगाव बदलतात, पण बहुतेकांत शेवटी वेणीफणी होऊन बिचारी एकदाची निघते. आम्ही सगळ्या हे गाणे हसत हसत म्हणत आलो.

मागे एका वर्षी फेर संपल्यावर सहावीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, कारलं यायला किती दिवस लागतात हो?” मी म्हटले, पुढच्या मृगाला लावून बघू. बी रात्रभर पाण्यात भिजवून जूनमध्ये शाळेच्या कुंपणाशी टोचले. आठवड्याने कोंब वर आला. पुढे पिवळी फुले आली. मुली आनंदल्या, पण पहिली फुले सगळी नर निघाली. मादी फुलाच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढे चिमुकले कारले असते, ते दिसायला आणखी काही दिवस गेले. भाजीजोगते फळ हाती आले तेव्हा फळ्यावरच्या रेघा अठ्ठावन्न झाल्या होत्या.

अठ्ठावन्न दिवस! मृगाला मागितलेली रजा श्रावणावर गेली. माहेरी जायचा सण पंचमीचा. भाऊ मुराळी म्हणून येतो तो तेव्हा. वेलाची वाट पाहता पाहता पंचमी बहुधा हुकणार, आणि पाठोपाठ गौरी-गणपती, म्हणजे सासरच्या कामाचे दिवस. सासूने ‘नाही’ हा शब्द तोंडातून काढलाच नाही. तिने एक बी दिले. हे गाणे रचणाऱ्या बाईला वेलाचे दिवस तोंडपाठ असणार, आणि तिने तो हिशेब मुलींच्या खेळात ठेवून दिला. सनावळी नसली तरी माझ्या लेखी हा इतिहासाचा कागदच आहे.

त्या भाजीचाही इतिहास वाचता येतो. कारल्याचे पंचामृत घ्या. कारली खरवडून, चिरून, मीठ चोळून पिळायची. फोडणीत परतून चिंचेच्या कोळात शिजवायची. मग गूळ, तिळाचे कूट, दाण्याचे कूट, खोबरे, मिरच्या. ह्यातले दाणे आणि मिरच्या अमेरिकेतून आलेल्या. त्या काढून मिरी घातली की जे उरते ते यादवांच्या काळातल्या बाईलाही रांधता आले असते. खरवडलेली साल टाकू नये, तीळ घालून तिची सुरेख चटणी होते. मधुमेहाचे रोगी कारल्याचा रस पितात. प्यावा, पण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून नव्हे.

राहिले कारीट. ते नरकासुर म्हणून फोडायचे आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा, मग फराळ. नरकासुराची कथा सांगताना आपण त्याचा वध रंगवून सांगतो. पण त्याच्या बंदिवासात सोळा सहस्र स्त्रिया होत्या आणि त्या दिवशी त्या सुटल्या, हे वाक्य बहुधा घाईत उरकले जाते. माझ्या आजीच्या सांगण्यात ते सर्वांत आधी येई. तिला कोणी विचारले, की त्या सुटून कोठे गेल्या, तर भागवतातले उत्तर, कृष्णाने त्यांच्याशी विवाह केला, हे ती सांगत नसे. ती म्हणे, “जातील कुठं? दिवाळी होती ना. आधी आईकडे गेल्या.”