पंडिता रमाबाई आणि त्रैक्याचा प्रश्न

पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील इ. स. १८८३ हे वर्ष सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या वर्षी २९ सप्टेंबर रोजी इंग्लंडमधील वाँटेज या गावी त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. या घटनेविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले. तिच्यानंतरच्या अडीच वर्षांविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे. वास्तविक याच काळात रमाबाईंनी आपण स्वीकारलेल्या धर्माच्या मध्यवर्ती सिद्धांतासंबंधी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्यासंबंधी, मूलगामी प्रश्न उपस्थित केले. आणि ते त्या धर्मात राहून, नित्याची प्रार्थना चालू असतानाच केले. या प्रश्नांचे नेमके स्वरूप काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यासाठीचे मुख्य साधन म्हणजे सिस्टर जेराल्डिन यांनी जपून संकलित केलेला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार होय.

या प्रश्नांचा उलगडा सामान्यतः दोन प्रकारांनी केला जातो. श्रद्धाळू चरित्रकारांच्या मते ही नवख्या मनाची अपरिपक्व अवस्था होती आणि पुढे पूर्ण श्रद्धा उदय पावताच ती ओसरली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, रमाबाई अंतःकरणाने ब्राह्मोच राहिल्या होत्या, आणि बाप्तिस्मा हा केवळ बाह्य उपचार होता. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. श्रद्धा आणि शंका ही दोन्ही एका मनात, एकाच वेळी, प्रामाणिकपणे नांदू शकत नाहीत, असे दोघेही गृहीत धरतात. पत्रव्यवहाराचे वाचन केले असता हे गृहीतकच टिकत नाही, असे मला वाटते.

प्रथम सिद्धांताच्या शब्दांकडे पाहणे अवश्य आहे. ‘त्रैक्य’ या अर्थाचा शब्द नव्या करारात कोठेही नाही. इ. स. ३२५ च्या निकायिया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे समानतत्त्व आहे असे ठरविले. परंतु हा शब्दही बायबलमधील नव्हे. तो ग्रीक तत्त्वचर्चेतून आलेला आहे. त्या परिषदेच्या निषेधवाक्यात ‘ऊसिया’ आणि ‘हुपोस्तासिस’ हे शब्द समानार्थी म्हणून आले आहेत. पुढे अर्धशतकाच्या आत त्याच दोन शब्दांत भेद कल्पून ‘एक ऊसिया, तीन हुपोस्तासिस’ ही परिभाषा रूढ झाली. लॅटिनमध्ये गुंतागुंत आणखी वाढली. ‘सुब्स्तान्तिया’ हा शब्द घडणीने ‘हुपोस्तासिस’चा प्रतिशब्द आहे, परंतु त्याची योजना झाली ती ‘ऊसिया’च्या अर्थी. तिघांसाठी ‘पेर्सोना’ हा शब्द आला, आणि त्याच्यामागे रंगभूमीवरील मुखवटा आणि न्यायालयातील पक्षकार असे दोन्ही अर्थ उभे होते.

मराठीत आपण ‘एक देव, तीन व्यक्ती’ असे म्हणतो तेव्हा हीच अडचण नव्या रूपाने पुढे येते. ‘व्यक्ती’ या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ ‘प्रकट होणे, स्पष्ट होणे’ असा आहे. तो घेतला तर एकच देव तीन रूपांनी प्रकट होतो, असा अर्थ निष्पन्न होतो. आणि तिसऱ्या शतकातील साबेलियसचे हेच मत धर्मसंस्थेने पाखंड ठरविले होते. उलट आधुनिक मराठीतील ‘स्वतंत्र मनुष्य’ हा अर्थ घेतला, तर तीन देव मानल्याचा दोष येतो. तात्पर्य, एकाच शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ एका पाखंडाकडे नेतो आणि रूढार्थ दुसऱ्याकडे. सिद्धांताला अभिप्रेत असलेला अर्थ शब्दात नसून शब्दाभोवती सांगितलेल्या परंपरेत असतो. ज्याला ती परंपरा जन्मतः लाभली नाही, त्याने शब्दाचा जाब विचारला तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

असा जाब विचारला जाण्याची हिंदुस्थानातील ही पहिली वेळ नव्हती. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूच्या उपदेशांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यावरून श्रीरामपूरच्या मिशनरी मंडळींशी त्यांचा वाद जुंपला. त्याच सुमारास नव्या कराराचे बंगाली भाषांतर त्यांच्या साहाय्याने चालले असता योहानाच्या शुभवर्तमानातील एका ग्रीक अव्ययावर चर्चा अडली. सर्व काही पुत्राने निर्माण केले, की पुत्राच्या द्वारे निर्माण झाले? पहिल्या अर्थाने पुत्र स्वतः कर्ता ठरतो, दुसऱ्याने तो साधन ठरतो. या चर्चेत सहभागी असलेले बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम अ‍ॅडम १८२१ साली त्रैक्य सोडून एकेश्वरवादी पंथात गेले. एका अव्ययाच्या भाषांतराने मिशनऱ्याचेच मत पालटावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. पुढे १८८२ साली केशवचंद्र सेन यांनी सत्, चित् आणि आनंद या पदांच्या साहाय्याने त्रैक्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. रमाबाईंचा कलकत्त्यातील वावर याच वातावरणातला. स्त्रियांना निषिद्ध मानलेल्या वेदाची प्रत त्यांच्या हाती दिली ती केशवचंद्रांनीच.

तथापि रमाबाईंच्या शंका ब्राह्मो समाजाकडून उसन्या आणलेल्या होत्या असे म्हणणे योग्य होणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात वाढलेल्या या विदुषीची घडण शास्त्रीय वादपद्धतीत झाली होती. कोणतेही विधान पुढे आले की त्यास प्रमाण काय, हे विचारणे तिच्या अंगवळणी पडलेले होते. शिवाय ग्रंथ एक सांगतो आणि ग्रंथावर अधिकार सांगणारे पुरोहित दुसरेच सांगतात, याचा अनुभव तिने स्वदेशात स्त्री म्हणून घेतला होता. ख्रिस्ती धर्माकडे त्यांचे मन वळविण्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता. म्हणजे त्यांचे हे वळणसुद्धा युक्तिवादाच्या मार्गानेच घडले होते.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात राहिल्या. तेथे प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी आणि वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढे जी कठोर चर्चा झाली ती याच संबोधनाच्या छायेत झाली, हे विसरता कामा नये.

या पत्रांतून रमाबाईंची भूमिका तीन प्रश्नांत मांडता येते. पहिला प्रश्न आधाराचा. देव एक आहे, आणि ख्रिस्त हा त्याने पाठविलेला तारणारा आहे, याविषयी त्यांना संशय नव्हता. परंतु ख्रिस्त हा पित्याशी सर्वस्वी समान असा देवच होय, हे विधान शास्त्रवचनांतून आपोआप निघते असे त्यांना वाटेना. या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वर्गात साक्ष देणारे तिघे एकच आहेत, असे सांगणारे योहानाच्या पहिल्या पत्रातील सुप्रसिद्ध वचन १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित इंग्रजी नव्या करारातून, जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते आढळत नाही म्हणून, वगळण्यात आले होते. म्हणजे ज्या इंग्लंडमध्ये रमाबाई शास्त्राधार विचारीत होत्या, त्याच इंग्लंडमधील विद्वानांनी त्रैक्याचा सर्वांत उघड दिसणारा आधार काही वर्षांपूर्वीच मागे घेतला होता.

दुसरा प्रश्न भाषेचा. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, यावर रमाबाईंनी आक्षेप घेतला. ब्राह्मण संस्कृतला जशी देववाणी समजतात तसेच तुम्ही लॅटिनला समजता काय, असे त्यांनी विचारले. आणि अक्षरे कोरावयाचीच असतील तर ती संस्कृत असावीत, कारण संस्कृत पवित्र आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे म्हणून, असे कळविले. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु त्रैक्याविषयीचा आक्षेप आणि क्रुसावरील अक्षरांविषयीचा आक्षेप यांचे मूळ एकच आहे. कोणतीही भाषा स्वभावतः पवित्र नाही हे एकदा मान्य केले, म्हणजे ग्रीक आणि लॅटिन परिभाषेत बांधलेली सूत्रेही मानवी सूत्रेच ठरतात, आणि ती तपासून घेण्याचा अधिकार तपासणाऱ्याकडे येतो.

तिसरा प्रश्न बंधनाचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. अथानासियसच्या नावावर चालणारा लॅटिन विश्वासांगीकार अथानासियसचा नाही. तो त्याच्यानंतरच्या काळातील आहे. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाप्रमाणे तो वर्षातून तेरा दिवशी म्हणावयाचा असे. त्रैक्याची सूक्ष्म व्याख्या करून, ती जो मानणार नाही त्याचा नाश होईल, असे त्यात बजावले आहे. याउलट बाप्तिस्म्याच्या वेळी उमेदवारास विचारला जातो तो प्रेषितांचा विश्वासांगीकार. त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा उल्लेख आहे. त्यांच्या परस्परसंबंधाची तात्त्विक व्याख्या नाही. तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याने नेमके कशाला मान्यता दिली, हा प्रश्न पांडित्याचा नसून वचनाचा होता. जेराल्डिन यांना वाटे की, धर्मसंस्थेत प्रवेश करणाराने तिची समग्र शिकवण स्वीकारली. रमाबाईंनी मे १८८५ मधील पत्रात स्पष्ट कळविले की, हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यानंतर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही.

येथे जेराल्डिन यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांनी रमाबाईंना गर्विष्ठपणाचा दोष दिला हे खरे. परंतु त्यांच्या दुःखामागे एक खरा प्रश्न होता. ख्रिस्ताची प्रार्थना करावयाची आणि तो देव आहे की नाही हे अनिश्चित ठेवावयाचे, हे भक्तीला कितपत पेलते? मठात राहून दिवसातून अनेक वेळा त्रैक्याच्या नावाने स्तोत्र म्हणणाऱ्या स्त्रीला हा सिद्धांत म्हणजे तर्काचे प्रमेय नव्हते. तो तिच्या उपासनेचा श्वास होता. शिवाय हा कलह केवळ एका परदेशी विधवेने उभा केलेला नव्हता. अथानासियसच्या विश्वासांगीकाराचा उपयोग कमी करावा काय, यावरून १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत खुद्द इंग्लंडच्या धर्मसंस्थेत तीव्र वाद झाला होता, आणि प्यूसी व लिडन यांच्यासारख्या धुरीणांनी त्याच्या रक्षणासाठी आपली पदे पणास लावली होती. अमेरिकेतील एपिस्कोपल पंथाने तर १७८९ सालीच आपल्या प्रार्थनापुस्तकातून तो वगळला होता. अर्थात जी मोकळीक अटलांटिकपलीकडे एका संपूर्ण पंथाने घेतली, तीच एका हिंदी स्त्रीने मागितली असता तिला अहंकार म्हटले गेले. डोरोथिया बील यांची दृष्टी वेगळी होती. जिला विचार करता येतो तिला प्रश्न विचारू दिले पाहिजेत, या भावनेने त्या उत्तरे देत राहिल्या.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्षपद एकेश्वरवादी पंथाचे धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल यांच्याकडे होते आणि इतर पंथांचे पुढारी त्यांच्याबरोबर काम करीत होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या शारदा सदनाचे धर्माच्या बाबतीतील तटस्थ धोरण याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

पुढे १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या आध्यात्मिक जीवनात मोठे परिवर्तन झाले. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या ख्रिस्ताविषयी ज्या भाषेत बोलतात, तीत १८८५ मधील शंकेचा मागमूस नाही. मग ती शंका व्यर्थ गेली असे समजावे काय? तसे वाटत नाही. त्यांचे ख्रिस्ताविषयीचे मत बदलले. मत कोणत्या मार्गाने बनवावयाचे, याविषयीचा त्यांचा आग्रह बदलला नाही. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली दिले नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे झाले आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मूळ शब्द काय आहे आणि तो सामान्य स्त्रीला तिच्या भाषेत कसा कळेल, हा या भाषांतरामागील प्रश्न चेल्टनहॅमच्या पत्रांतील प्रश्नांचाच पुढचा टप्पा आहे.

यावरून असा निष्कर्ष काढावयास हरकत नाही की, रमाबाईंनी त्रैक्याविषयी घेतलेली शंका ही त्यांच्या श्रद्धेतील उणीव नव्हती. ज्या शब्दांवर आपण आयुष्य बांधणार, ते शब्द आपल्याला समजले पाहिजेत, आणि न समजलेल्या शब्दांना होकार देणे हा असत्य व्यवहार होय, अशी त्यांची धारणा होती. उत्तर पुढे कोणतेही मिळो, हा प्रश्न विचारल्याशिवाय मिळालेला होकार त्यांना स्वतःचा वाटला नसता. जेराल्डिन यांच्याही मनात याची काही जाणीव असावी. नाहीतर ज्या पत्रांनी त्यांना इतके दुखविले, ती पत्रे त्यांनी इतक्या काळजीने जपून ठेवली नसती.