काँगचा कोरडा कालवा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या काँग गावाजवळ एक कालवा आहे. लॉख मास्क आणि लॉख कॉरिब ही दोन मोठी तळी जोडण्यासाठी 1848 मध्ये, म्हणजे ऐन बटाट्याच्या दुष्काळात, तो खणायला घेतला. चुनखडी फोडून पाच-सहा किलोमीटरचा चर काढला, बोटी चढवण्या-उतरवण्याच्या लॉकसाठी घडीव दगडाच्या भिंती उभ्या केल्या आणि 1854 मध्ये जलवाहतुकीचं काम थांबवलं. उन्हाळ्यात हा कालवा कोरडा ठणठणीत असतो. सांगतात ते असं, की मोठ्या समारंभाने पाणी सोडलं, ते तळातल्या भेगांत गडप झालं आणि साहेब मंडळी बघत राहिली. सरकारी अभियंत्यांची फजिती ऐकायला कोणाला आवडत नाही? पण ही गोष्ट जितकी चविष्ट, तितकीच कच्ची आहे.

पाणी इथे जमिनीखालून जातं, हे काँगमध्ये कोणापासून लपलेलं नव्हतं. मास्कची पातळी कॉरिबपेक्षा सुमारे दहा मीटर वर, तरी दोघांच्या मध्ये जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. मास्कचं पाणी खडकात शिरतं आणि काँगला झऱ्यांतून इतक्या जोराने वर येतं, की तिथून थेट नदीच सुरू होते. जवळच्या पिजन होल या गुहेत दगडी पायऱ्या उतरून गेलं की तळाशी हे वाहतं पाणी नजरेस पडतं. चुनखडीचा सलग तुकडा पाणी फारसं शोषत नाही. पाणी जातं ते खडकाच्या सांध्यांतून आणि थरांमधल्या फटींतून. पावसाचं पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि फटीच्या कडा विरघळवत जातं. जी फट रुंद तिच्यात पाणी जास्त, म्हणून ती आणखी रुंद. हजारो वर्षांत तिचा बोगदा होतो. आपल्या काळ्या पाषाणातही भेगा असतात आणि विहिरींना पाणी त्यांतूनच लागतं, पण बेसॉल्ट असा विरघळून पोकळ होत नाही. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये प्रसिद्ध केला. तो काँगच्या अभियंत्यांच्या हाती आधी असता तरी फारसा कामी आला नसता, कारण बोगद्यातून धावणारं पाणी झिरपत नसतं.

मग माहीत असून खणलं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की हे काम नुसतं बोटींसाठी नव्हतंच. मास्कच्या काठची शेतं पुराखाली जात. ते पाणी लवकर उतरवणं हा मोठा हेतू होता आणि भुकेल्या माणसांना मजुरी देणं हा दुसरा. जादा पाणी वाहून नेणाऱ्या चराचा तळ थोडा गळका असला तर बिघडत नाही. बोटींपुरतं बोलायचं तर मळलेल्या चिकणमातीचं अस्तर घालून गळती रोखण्याची रीत अठराव्या शतकापासून रुळलेली होती. यावर कोणी म्हणेल, की हिवाळ्यात भूजल फुगलं की खालच्या दाबाने ते अस्तर उखडेल. हा मुद्दा मात्र वजनदार आहे. अशा जमिनीत दुरुस्ती कायमची मागे लागली असती, हे मला मान्य आहे. पण त्या कसोटीपर्यंत गाडी गेलीच नाही. लॉकना दरवाजे बसले नाहीत, आणि दरवाज्यांवाचून बोटींचा कालवा भरणार तरी कसा? समारंभाची गोष्ट इथेच कोसळते. 1851 मध्ये रेल्वे गॉलवेला पोचली होती, दुष्काळाने आणि स्थलांतराने गावं रिकामी झाली होती, खर्च मात्र वाढत होता. तेव्हा जलवाहतुकीला कात्री लागली. पाण्याच्या निचऱ्याचा भाग तेवढा पुरा केला, आणि हिवाळ्यात मास्कचं जादा पाणी आजही त्या चरातून काँगकडे उतरतं.