साखळी कुत्र्याच्या गळ्यात, दंड कोणाच्या खिशातून?

कुत्र्याला दिवसरात्र अंगणात साखळीने बांधून ठेवणे क्रूरपणाचे आहे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे. सहा फुटांच्या वर्तुळात ऊन-पाऊस-थंडी सोसत वर्षे काढली की तो एक तर खचतो, नाही तर चिडका होतो. पण ही क्रूरता कायद्याने थांबवायची असेल, तर त्या कायद्याची किंमत कोण मोजणार? हा प्रश्न विचारला की प्राणिप्रेमी मंडळींच्या कपाळावर लगेच आठी पडते. अमेरिकेतल्या एका गावात मात्र तो वेळेवर विचारला गेला. म्हणून त्या गावाचा इतिहास नीट पाहायला हवा.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहम कौंटीने 2008 साली नियम केला: जवळ कोणी माणूस नसताना कुत्र्याला बाहेर बांधून ठेवता येणार नाही. अंमलबजावणी 1 जानेवारी 2010 पासून झाली. कॅलिफोर्नियाने 2006 सालीच असा कायदा केला होता. तिथे 24 तासांत 3 तासांपेक्षा जास्त वेळ कुत्र्याला एका जागी बांधायला मनाई झाली. त्याही आधी, 1997 साली, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या नियंत्रणाखालील परवानाधारकांना कुत्री कायमची साखळीवर ठेवण्यास बंदी केली होती. म्हणजे डरहमने काही जगावेगळे केले नाही. वेगळे होते ते गाव.

डरहम हे तंबाखूच्या कारखान्यांचे गाव. नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही कृष्णवर्णीयांनी 1898 साली उभारलेली विमा कंपनी इथलीच. पॅरिश स्ट्रीटला लोक 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' म्हणत. 1957 साली इथल्या रॉयल आइस्क्रीम दुकानात गोऱ्यांसाठी राखीव जागेवर बसून कृष्णवर्णीय तरुणांनी अटक ओढवून घेतली. ग्रीन्सबरोचे प्रसिद्ध आंदोलन त्यानंतर तीन वर्षांनी झाले. पुढे 'नगर पुनर्विकास' आणि महामार्ग यांच्या नावाखाली हेटी ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती उखडली गेली. हजारो कुटुंबे आणि शेकडो व्यवसाय हलवले गेले. त्याआधी 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगाने रंगवून तिथे गृहकर्ज देणे धोक्याचे ठरवले होते. ज्यांना घर घ्यायला कर्ज मिळाले नाही, त्यांची नातवंडे भाड्याच्या घरात राहतात. आता भाडेकरूने कुंपण घालायचे कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या परवानगीने?

हाच या वादाचा कणा आहे. कुत्रा मोकळा ठेवायचा तर अंगणाला कुंपण हवे, आणि कुंपणाला पैसे लागतात. ज्याच्याकडे कुंपण आहे, त्याचा कुत्रा दिवसभर एकटा पडला तरी कायदा मोडत नाही. ज्याच्याकडे नाही, त्याचा तितकाच लाडका कुत्रा त्याला गुन्हेगार बनवतो. कायद्याच्या मजकुरात वंश नाही, वर्ग नाही. मजकुरात नसते म्हणून परिणामातही नसते, असे मात्र समाजशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही म्हणणार नाही.

त्यात कुत्रा आणि कृष्णवर्णीय माणूस यांचे नाते अमेरिकेत साधे कधीच नव्हते. पळालेल्या गुलामांचा माग काढायला शिकारी कुत्री पाळली जात. उलट गुलामाने स्वतःचा कुत्रा पाळलेला मालकाला खपत नसे. डिसेंबर 1792 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या माउंट व्हर्नन येथील कारभाऱ्याला पत्र लिहिले. मेंढ्यांच्या रक्षणासाठी गुलामांची कुत्री कमी करायची होती. नंतर कोणी कुत्रा ठेवलाच, तर त्या गुलामाला कडक शिक्षा करावी आणि कुत्र्याला फासावर लटकवावे, असा त्यांचा आदेश होता. हे त्या देशाचे राष्ट्रपिता! त्यानंतर सुमारे 170 वर्षांनी, मे 1963 मध्ये, बर्मिंगहॅमला बुल कॉनरच्या पोलिसांनी निदर्शकांवर कुत्री सोडली. शाळकरी मुलेही त्यातून सुटली नाहीत. ज्या गुलामगिरीतून अमेरिकेने माणसे मुक्त केली म्हणून जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ तिथल्या लोकांना अर्पण केला, तिची शेपूट एवढी लांब होती. अशा समाजात सरकारी गाडी वस्तीत येऊन 'तुमचा कुत्रा नीट ठेवा' म्हणू लागली, तर लोक ते केवळ प्राणिदया म्हणून ऐकणार नाहीत.

आता दुसरी बाजूही पाहू. ती खोटी नाही. डेन्व्हर शहरातील चावऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. साखळीवर ठेवलेली कुत्री न चावणाऱ्यांच्या तुलनेत चावणाऱ्यांत बरीच जास्त आढळली. त्याच अभ्यासात नसबंदी न झालेली कुत्रीही जास्त चावणारी दिसली. म्हणजे साखळी हे एकटे कारण मानणे घाईचे होईल. तरीही कुत्रा बांधलेला असतो त्याच अंगणाच्या आसपास शेजारची मुले खेळतात, आणि ही मुलेही गरिबांचीच असतात. तेव्हा 'गरिबांची बाजू' म्हणजे साखळीची बाजू, असे समीकरण मांडणाऱ्यांचा मला संशय येतो. शिकारी मंडळी आणि मालमत्तेच्या हक्काचे पुरस्कर्ते अशा कायद्यांना विरोध करताना एरवी न आठवणाऱ्या गरिबाला हमखास पुढे करतात.

डरहममध्ये या कोंडीतून वाट काढली ती 'कोअलिशन टु अनचेन डॉग्ज' या गटाने. कायद्याची मागणी करून हे लोक घरी बसले नाहीत. सुट्टीच्या दिवशी खांब, तारजाळी आणि पहारी घेऊन वस्तीत जायचे आणि फुकट कुंपण घालून द्यायचे. अट एकच, कुत्र्याची नसबंदी. तीही तेच करून देत. साखळी घालणारा माणूस दुष्ट आहे, हे गृहीत त्यांनी आधी टाकून दिले. कुत्रा हरवू नये, रस्त्यावर मरू नये म्हणूनच बहुतेकांनी तो बांधलेला असतो. कायदा 2008 चा आणि अंमल 2010 चा, मधल्या वर्षभराहून जास्त काळात कुंपणे उभी राहू शकली. या गटाने पुढे 'बियाँड फेन्सेस' असे नाव घेतले, आणि त्याच्या संस्थापक अमांडा अरिंग्टन ह्यूमेन सोसायटीच्या 'पेट्स फॉर लाइफ' या, गरीब वस्त्यांत प्राण्यांची सेवा पोहोचवणाऱ्या कार्यक्रमाच्या प्रमुख झाल्या. हे सगळे दानावर आणि स्वयंसेवेवर चालले, हा माझा आक्षेप मात्र उरतोच. कायदा सरकारचा, मग कुंपण दात्यांच्या मर्जीवर का? एका गल्लीत स्वयंसेवक पोहोचले, दुसरीत नाही, तर दुसरीतल्या माणसाने काय करायचे?

टेक्सासचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. 2021 साली तिथल्या विधिमंडळाने दोन्ही पक्षांच्या मतांनी असाच कायदा मंजूर केला. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी नकाराधिकार वापरला. सरकार लोकांच्या कारभारात फार बारकाईने नाक खुपसते आणि उगाच गुन्हे वाढवते, असे त्यांचे म्हणणे होते. समाजमाध्यमांवर कुत्र्यांच्या बाजूने एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी खास अधिवेशनात कायदा पुन्हा आला, त्यांनी सहीही केली, आणि 18 जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. साखळीला बंदी झाली. दोरी किंवा दुसरे बंधन किमान 10 फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, यातले जे जास्त असेल तेवढे हवे. निवारा आणि पाणीही हवे. हे सगळे योग्यच. पण जुन्या कायद्यात अधिकाऱ्याने आधी 24 तासांची सूचना देण्याची तरतूद होती, ती काढून टाकली. प्राणिमित्रांचे म्हणणे असे की उन्हात तडफडणाऱ्या कुत्र्याला 24 तास नसतात. खरे आहे. मात्र दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला घरी परतल्यावर नवी दोरी आणि निवारा आणायला तेवढाच वेळ हाताशी होता. डरहमने लोकांना वर्षभराहून जास्त वेळ दिला होता. टेक्सासने होता तो एक दिवसही काढून घेतला, आणि पहिल्याच गुन्ह्याला 500 डॉलरपर्यंत दंड ठेवला. एवढ्या पैशांत कुंपणाचा निदान काही भाग तरी झाला असता.