छोट्या छेदावरचा खटला

१/
१२ सप्टेंबर १९८५. पश्चिम जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेन या गावातील रुग्णालयात एरिश म्यूहे या शल्यचिकित्सकांनी एका रुग्णाचे खडे झालेले पित्ताशय पोट न फाडता, एका नळीतून बाहेर काढले. अशी शस्त्रक्रिया त्याआधी जगात कोणी केलेली नव्हती. दोन वर्षांनी त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला.

२/
पित्ताशयाचे ऑपरेशन 'दुर्बिणीतून' होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, हे आज तालुक्याच्या गावीही कोणाला नवल वाटत नाही. परंतु शरीरात डोकावण्याच्या पहिल्या साधनापासून इथवर यायला जवळजवळ १८० वर्षे लागली. त्यातला बराच काळ यंत्राच्या उणिवेमुळे गेला हे खरे. पण शेवटचा अडथळा यंत्राचा नव्हता. तो एका श्रद्धेचा होता : मोठा सर्जन तोच, जो मोठा छेद घेतो.

३/
ही श्रद्धा मूर्खपणाची होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात पहिल्यांदा माणसाचे पित्ताशय काढून टाकले. तोवर पित्ताशय उघडायचे, खडे काढायचे आणि ते तसेच ठेवायचे अशी रीत होती. खडे पुन्हा होत. खडे जिथे तयार होतात ती पिशवीच काढली पाहिजे, हा लांगेनबुख यांचा विचार त्या काळी धाडसाचा होता. आणि पिशवी काढायची तर यकृताखालच्या त्या अडचणीच्या जागी रक्तवाहिनी कोणती, पित्तनलिका कोणती, हे स्वच्छ दिसले पाहिजे. रक्त उसळले तर हात आत गेला पाहिजे.

४/
म्हणून छेद मोठा. पुढची शंभर वर्षे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला हेच शिकवले की पुरते दिसेल इतके उघडा. उघडण्यात कंजुषी केली तर रुग्ण दगावतो. मात्र या सुरक्षिततेची किंमत रुग्ण मोजत असे. बरगड्यांखालचे स्नायू कापले गेल्याने श्वास घेताना, खोकताना जीव नकोसा होई. भीतीने रुग्ण उथळ श्वास घेई, छातीत कफ साचे, कधी न्यूमोनिया होई. काहींना जखमेच्या जागी पुढे हर्निया होई. कित्येक आठवडे कामावर जाता येत नसे.

५/
आत डोकावण्याची खटपट त्याही आधीची. फ्रांकफुर्टचे तरुण डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास 'लिख्टलाइटर', म्हणजे प्रकाशवाहक, नावाचे साधन लोकांपुढे आणले. फुलदाणीच्या आकाराचे कातडी मढवलेले धातूचे घर, आत मेणबत्ती, आरसा आणि पुढे शरीराच्या मार्गात सरकवायची नळी. प्रकाश एका बाजूने आत जाई आणि डोळा दुसऱ्या बाजूने पाही. पुढच्या दोन शतकांतील प्रत्येक एन्डोस्कोपची मूळ कल्पना एवढीच आहे.

६/
व्हिएन्नाच्या लष्करी वैद्यकीय अकादमीने या साधनाची चाचणी घेतली आणि अनुकूल मत दिले. मग ते शहरातील वैद्यकीय विद्याशाखेकडे गेले. या दोन संस्थांमध्ये वैर होते. विद्याशाखेने ते निरुपयोगी ठरवले. बोझिनी १८०९ मध्ये टायफस झालेल्या रुग्णांवर उपचार करताना त्याच रोगाने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या साधनाच्या नशिबी मात्र लांबचा प्रवास होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत शिकागोला पोहोचले आणि या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाला परतले.

७/
मेणबत्तीच्या उजेडात फारसे काही दिसत नसे, ही विद्याशाखेची तक्रार अगदीच खोटी नव्हती. १८७० च्या दशकात माक्स नित्झे यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण बनवली. तिच्या टोकाशी तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार होती आणि ती रुग्णाला भाजू नये म्हणून सभोवती पाणी खेळवावे लागे. एडिसनचा दिवा आल्यावर त्याची चिमुकली आवृत्ती टोकाशी बसली, तेव्हा कुठे ही कसरत संपली.

८/
मूत्राशयाला निसर्गानेच वाट दिली आहे. पोटाच्या पोकळीला नाही. २३ सप्टेंबर १९०१ रोजी हॅम्बुर्ग येथील शास्त्रज्ञ आणि वैद्यांच्या संमेलनात ड्रेस्डेनचे गेओर्ग केलिंग यांनी एका कुत्र्याच्या पोटात कापसातून गाळलेली हवा भरली, नित्झे यांची दुर्बीण आत सारली आणि आतडी, यकृत सर्वांना दाखवले. हवा भरण्यामागचा त्यांचा मूळ हेतू वेगळाच होता. पोटात आतल्या आत होणारा रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबेल का, हे त्यांना पाहायचे होते. आत काय घडते ते दिसावे म्हणून दुर्बीण आली. मूळ हेतू फसला, दुर्बीण राहिली. ड्रेस्डेनवर फेब्रुवारी १९४५ मध्ये झालेल्या बाँबवर्षावात केलिंग मरण पावले.

९/
१९१० मध्ये स्टॉकहोमचे हान्स क्रिस्टियान याकोबेउस यांनी माणसांवर हा प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. १९३८ मध्ये हंगेरीचे यानोश वेरेश यांनी स्प्रिंगची सुई काढली. टोचताना तीक्ष्ण आणि पोकळीत शिरताच आपोआप बोथट होणारी. ती त्यांनी क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी घडवली होती. आज पोटात वायू भरण्यासाठी जगभर तीच सुई वापरतात.

१०/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याकोबेउस, वेरेश आणि त्यांच्यानंतर यकृताच्या निदानासाठी दुर्बीण वापरणारे बर्लिनचे हाइन्झ काल्क हे सारे औषधोपचार करणारे वैद्य होते. पुढे हे साधन स्त्रीरोगतज्ज्ञांनी उचलले. पॅरिसचे राउल पाल्मेर त्यांत अग्रणी. सर्जन मात्र दूर राहिले. पोट उघडून पाहता येत असताना भोकातून कशाला पाहायचे, असा त्यांचा सवाल होता.

११/
'जास्त कापणे म्हणजे जास्त सुरक्षित' हा विचार पोटापुरताच नव्हता. शिकागोचे ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानतात. दाताची कीड भरताना भोवतालचा निरोगी भागही कोरून काढावा, म्हणजे तिथे पुढे कीड लागणार नाही, असा त्यांचा नियम होता. चांदी भरायची तर ती अडकून राहण्यासाठी खाच लागे, हेही कारण होतेच. १९५५ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टरचे मायकेल बुओनोकोरे यांनी दातावर फॉस्फरिक आम्ल लावून त्याचा पृष्ठभाग खडबडीत केला, तेव्हा राळ त्यावर घट्ट बसली. रंग धरावा म्हणून धातूवर आम्ल लावण्याची कारखान्यातली युक्ती त्यांनी दाताला लावली होती. खाच कोरण्याची सक्ती गेली. तरीही ब्लॅक यांचा नियम दवाखान्यांतून हटायला आणखी काही दशके लागली. हात जे शिकलेले असतात ते सहजी विसरत नाहीत.

१२/
पोटाकडे परतायचे तर इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांना वगळून चालत नाही. जुन्या दुर्बिणीत पातळ भिंगे आणि त्यांच्यामध्ये हवेची लांब पोकळी असे. हॉपकिन्स यांनी हे उलटे केले : काचेचे लांब दांडे आणि मध्ये हवेच्या पातळ फटी. चित्र कितीतरी उजळ झाले. जर्मनीतील कार्ल श्टोर्झ यांनी ते साधन बाजारात आणले. याच हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये नरिंदरसिंग कपानी या तरुण भारतीय संशोधकासह काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवले होते. दिवा आता शरीराबाहेर ठेवता येऊ लागला, उजेड तेवढा आत. नित्झे यांच्या तापलेल्या तारेपासूनची भाजण्याची भीती सरली.

१३/
आणि मग कुर्ट झेम. कील विद्यापीठातील हे स्त्रीरोगतज्ज्ञ अवजारे घडवण्याची कला शिकलेले होते. वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र, आतल्या आत गाठ मारण्याची साधने, सरावाची पेटी, असे बरेच काही त्यांनी स्वतः तयार केले. त्यांच्या मेंदूची तपासणी करून घ्यावी, अशी सूचना सहकाऱ्यांनी केली होती असे सांगतात. १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. एका स्त्रीरोगतज्ज्ञाने सर्जनांच्या अवयवाला हात घातला होता. त्यांना निलंबित करावे अशी मागणी शल्यचिकित्सकांच्या वर्तुळातून झाली.

१४/
झेम यांच्या कामाने ज्यांना संताप न येता स्फूर्ती आली, त्यांत ब्योब्लिंगेनचे म्यूहे होते. अपेंडिक्स निघते, तर पित्ताशय का नाही? त्यांनी 'गॅलोस्कोप' नावाचे साधन स्वतः आखले. पाहण्याची सोय आणि अवजारांची वाट एकाच नळीत. काही शस्त्रक्रियांनंतर त्यांनी पोटात वायू भरणेही सोडले आणि बरगड्यांखालून थेट नळी घालू लागले. मार्च १९८७ पर्यंत त्यांनी अशा ९४ शस्त्रक्रिया केल्या.

१५/
एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी हे काम जर्मन शल्यचिकित्सक संघटनेच्या अधिवेशनात मांडले. वाट्याला थट्टा आली. छोटा छेद घेणाऱ्याची अक्कलही छोटी, अशा अर्थाचे टोमणे मारण्यात आले.

१६/
त्यानंतर त्यांच्या एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे मृत्यू झाला. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही त्या काळी रुग्ण दगावत, आणि त्यासाठी सर्जनला कोणी न्यायालयात खेचत नसे. कारण तो सर्वमान्य मार्गाने गेलेला असे. म्यूहे यांच्या पाठीशी कोणतीही परंपरा नव्हती आणि व्यावसायिक बांधवांनी तर आधीच तोंड फिरवले होते. खटला १९९० पर्यंत लोंबकळला. अखेर ते निर्दोष सुटले.

१७/
या दरम्यान जग बदलून गेले होते. मार्च १९८७ मध्ये फ्रान्सच्या ल्योंमधील फिलिप मूरे एका स्त्रीच्या ओटीपोटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करत होते. तिला पित्तखडेही होते. त्यांनी दुर्बीण वर वळवली आणि त्याच बैठकीत पित्ताशय काढले. मूरे यांनी यावर लेख लिहिला नाही. ही वार्ता पॅरिसच्या फ्रांस्वा द्युबुआ यांच्यापर्यंत पोहोचली ती एका परिचारिकेमुळे. तिने मूरे यांचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. वैद्यकाच्या इतिहासात परिचारिकांच्या वाट्याला येणाऱ्या ओळी इतक्याच असतात.

१८/
मूरे आणि द्युबुआ यांच्या हाती एक गोष्ट होती जी म्यूहे यांच्याकडे नव्हती : दुर्बिणीला जोडलेला लहान व्हिडिओ कॅमेरा. म्यूहे एका डोळ्याने नळीत पाहत. काय चालले आहे ते फक्त त्यांनाच दिसे. पडदा आल्यावर सहायकाला दिसू लागले, विद्यार्थ्याला दिसू लागले, आणि शंका घेणाऱ्यालाही. १९८९ मध्ये बोर्दोचे जाक पेरिसा यांनी अमेरिकेत लुइव्हिल येथील परिषदेत आपली चित्रफीत लावली, तेव्हा तिच्याभोवती गर्दी उसळली.

१९/
पुढे जे झाले ते अभिमानास्पद नाही. रुग्ण स्वतःच छोट्या छेदाची मागणी करू लागले. ज्यांना हे येत नव्हते त्यांची रुग्णसंख्या घटू लागली. शनिवार-रविवारच्या शिबिरात डुकरांवर सराव करून सोमवारी माणसांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पडद्यावर सपाट चित्र दिसते, बोटांना स्पर्श कळत नाही. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाऊ लागली. ही इजा साधी नव्हे. ती रुग्णाला आयुष्यभर छळू शकते. लांगेनबुख यांच्या परंपरेतले वडीलधारे ज्या धोक्याविषयी बजावत होते तो हाच. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याला प्रशिक्षणाचे नियम घालावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने, कुशल हातांनी केल्यास ही पद्धत बहुतेक रुग्णांसाठी सुरक्षित आहे, असा निर्वाळा दिला.

२०/
आणि त्याच १९९२ मध्ये, ज्या जर्मन संघटनेने म्यूहे यांची थट्टा केली होती, तिने त्यांना पुरस्कार देऊन गौरवले. अमेरिकेतील दुर्बीण-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९० मध्ये आद्य प्रवर्तकांचा सन्मान केला होता, तेव्हा त्यांचे नाव यादीत नव्हते. ते त्यांचे पहिलेपण मान्य होऊन व्याख्यानाचे निमंत्रण यायला १९९९ उजाडले.

२१/
मुंबईत हा प्रवास निराळ्या वाटेने झाला. जे. जे. रुग्णालयाचे शल्यचिकित्सक तेहेमतन उडवाडिया यांनी १९७२ पासूनच निदानासाठी दुर्बीण वापरायला आरंभ केला. सीटी स्कॅन नव्हते, सोनोग्राफी सहज मिळत नव्हती. पोटात पाणी का झाले, क्षय आहे की यकृताचा विकार की कर्करोग, हे पोट न फाडता ठरवण्याचा तोच मार्ग होता. पुढे १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. ही भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया.

२२/
गरीब देशाला ही महागडी खेळणी कशाला, हा आक्षेप त्या वेळी सर्रास घेतला जाई. उडवाडिया यांचे उत्तर उलट दिशेने जाणारे होते. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याच्यासाठीच लवकर कामावर परतणे सर्वांत मोलाचे. श्रीमंत माणूस महिनाभर पलंगावर पडून राहू शकतो. हमालाला ते परवडत नाही. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २०२३ मध्ये ते निवर्तले.

२३/
महाराष्ट्राच्या खेड्यांत 'दुर्बीण' हा शब्द मात्र त्याहून आधी रुळला होता, तो कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणजे बायकांची नसबंदी, एवढाच त्याचा अर्थ होता. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया हे सारे त्या शब्दात नंतर सामावले.

२४/
आजही पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाची जी सही घेतात, त्या संमतिपत्रात एक कलम असते : गरज भासल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास संमती आहे. सूज फार असेल, नलिका नीट ओळखू येत नसतील, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवतो आणि बरगड्यांखाली लांगेनबुख यांच्या काळासारखा रुंद छेद घेतो.