न्हाणीतलं पाण्याचं कुलूप



धुण्याच्या मशीनशेजारी जमिनीत जाळी असते ना, तिच्याखालच्या वाटीला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही हा शब्द असाच छापतात. बाकी सगळे शब्द साहेबाचे, हा एक मात्र आपल्या न्हाणीतून तिकडे गेलेला! मी कॉमर्सची, पण आमच्या इमारतीत मध्यंतरी जे रामायण घडलं त्यापायी या विषयाचं बरंच वाचलं.

मोहेंजोदडोच्या घरांत साडेचार हजार वर्षांपूर्वी न्हाणीघरं होती. पक्क्या विटांची जमीन, तिला एका कोपऱ्याकडे उतार, भिंतीतून बाहेर जाणारी वाट आणि गल्लीत झाकलेली गटारं. जुन्या पनवेलीतली सासूबाईंची मोरी याहून फार वेगळी नव्हती. पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसात, केळीच्या बुंध्याशी जाई. गोधड्या-चादरींचं मोठं धुणं तळ्यावर. पनवेलला नगरपालिका १८५२ सालीच आली, तरी घरातली मोरी पुष्कळ वर्षं तशीच राहिली. तिला ट्रॅप नव्हता आणि लागतही नव्हता. पाणी उघड्यावर, वास वाऱ्यावर.

अडचण सुरू झाली ती गटार झाकून मोरी त्याला नळानं जोडली तेव्हा. पाणी ज्या वाटेनं खाली जातं, त्याच वाटेनं गटारातली हवा आणि झुरळं वर येतात. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली संडासाचं पेटंट घेतलं, त्यात नळीला इंग्रजी 'एस'सारखा बाक होता. बाकात थोडं पाणी अडून राहतं आणि तेच कुलूप होतं. आपल्या नहाणी ट्रॅपचं तत्त्व हेच. त्यात निदान ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे.

पण कुलूप पाण्याचंच, त्यामुळे ते ओढलंही जातं. वरच्या मजल्यावरून एकदम पाणी आलं की ते नळातली हवा सोबत ओढतं. मागे पोकळी होते आणि स्ट्रॉनं सरबत ओढावं तसं ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं. तळमजल्याकडे उलट होतं. तिथे हवा दाबली जाते आणि बुडबुडे वर येतात. म्हणून एकोणिसाव्या शतकात नळ छपराच्या वर नेऊन उघडा ठेवायची पद्धत पडली. गच्चीवर जाळीची टोपी घातलेले नळ दिसतात, ते हवेसाठी असतात. पूर्वी आपण बादली हातानं हळूहळू ओतत होतो. मशीनचा पंप तेवढंच पाणी एका दमात फेकतो, वर फेसही असतो. मोरी गुडगुडू लागली की समजावं, हवा कमी पडते आहे.

आता ते रामायण. पहिल्या मजल्यावर वास सुटला आणि खापर फुटलं धुण्याभांड्याच्या मावशींवर. "ती मोरी घासतच नाही." दोन घरांनी तिचं काम सोडवलं. फिनेलच्या बाटल्या संपल्या, वास जाईना. शेवटी एका म्हाताऱ्या प्लंबरनं गच्चीवर जाऊन पाहिलं. वॉटरप्रूफिंग करणाऱ्यानं नळाची तोंडं सिमेंटनं बुजवली होती, पाऊस आत जाऊ नये म्हणून! तोंडं फोडली आणि आठवड्यात वास गेला. मावशींना एका घरानं परत बोलावलं, दुसऱ्यानं नाही. मला विचाराल तर दोघांनीही आधी तिची माफी मागायला हवी होती.

हे नुसत्या वासाचं प्रकरण नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत ३००हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. तपासात जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडलेले आढळले. लोक फरशी धूत नव्हते, नुसती पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी पडतच नव्हतं. न्हाणीघरातल्या पंख्यांनी नळातली दूषित हवा घरात ओढली असावी, असा निष्कर्ष निघाला. आपणही पाण्यातल्या जीवांचा विचार करून पाणी बेतानं वापरतो आणि पुसूनच घेतो. तेव्हा कोपऱ्यातली न वापरलेली जाळी आठवणीनं पाहा.

यावर आमच्या काकूंनी नेमका प्रश्न विचारला. साचलेल्या पाण्यात जीव होतात, मग घरात मुद्दाम पाणी साचवायचं कसं? माझं उत्तर असं, की रोज धुणं होतं त्या जाळीतलं पाणी रोज बदलतं, तिथे हा प्रश्न कमी. वापर नसलेली जाळी मात्र भरून ठेवण्यापेक्षा प्लंबरकडून रबरी वायसरच्या झाकणानं घट्ट बंद करून घ्यावी. शिखरजीला पंधरा-वीस दिवस जायचं असेल तर बाकीच्या जाळ्यांनाही तशीच झाकणं लावून निघावं. परतल्यावर झाकण काढून आधी दोन तांबे पाणी ओतायचं, मगच मशीन लावायचं. काकूंना हे पटलं. त्यांनी लगेच तीन झाकणं मागवली.