अरगट, अळंबी आणि एक असह्य डोकेदुखी

डोके दुखणे ही काही बातमी नव्हे. सुंठेचा लेप, एखादी गोळी, घटकाभर झोप, की माणूस पुन्हा कामाला लागतो. अर्धशिशी असलेली मंडळी दारे-खिडक्या लावून अंधारात पडून राहतात. पण एक डोकेदुखी अशी आहे, की तिचा रुग्ण पडून राहूच शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोके आपटतो. वेदना एकाच डोळ्यामागे असते. तो डोळा लाल होऊन पाणावतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो आणि दिवसातून आठ वेळादेखील येऊ शकतो. असे काही आठवडे जातात, मग महिनोन् महिने काही नाही आणि पुन्हा बहुधा त्याच ऋतूत, त्याच प्रहरी तो दारात हजर. झटके असे घोसाने येतात, म्हणून तिला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. हजारात सुमारे एका माणसाच्या वाट्याला ती येते.

लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ मध्ये, तर अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. रुग्ण जिवाचे बरेवाईट करून घेतील या भीतीने त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागे, असे हॉर्टन यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले आहे.

तिच्यावरील औषधांचा इतिहास मात्र शेतात सुरू होतो. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोग शेतकऱ्यांना ठाऊक आहे. युरोपात त्याचाच भाऊबंद राय या धान्यावर पडे आणि त्याची भाकरी खाऊन माणसे दगावत. त्या विषारी बुरशीतून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या आर्थर स्टोल यांनी १९१८ मध्ये एर्गोटामिन वेगळे केले. पुढे ते अर्धशिशीवरचे औषध झाले. त्याच प्रयोगशाळेत अरगटावर काम करताना आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी बनवले आणि १९४३ मध्ये त्याचा भ्रम निर्माण करणारा गुण स्वतःवरच अनुभवला. एलएसडीच्याच कुळातले मेथिसर्जाइड पुढे डोकेदुखीच्या रुग्णांना दिले जाऊ लागले. ते गुणकारी होते. पण दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या पोटात मूत्रवाहिन्यांभोवती तंतूंचे जाळे वाढू लागले आणि ते मागे पडले. म्हणजे भ्रम आणणारी द्रव्ये आणि डोकेदुखीची औषधे ही एकाच मुळाला फुटलेली दोन पाने आहेत.

दुसरे सूत्र मेक्सिकोचे. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कचे बँक अधिकारी ओआहाका प्रांतातील वाउत्ला या गावी पोहोचले. मारिया साबिना या माझातेक समाजातील वैदू स्त्रीने त्यांना आपल्या रात्रीच्या विधीत अळंबी दिली. वॉसन यांचा लेख १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आला आणि १९५८ मध्ये हॉफमन यांनी त्या अळंबीतून सिलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले. विज्ञानाला लाभ झाला. मारिया साबिनाच्या वाट्याला मात्र परदेशी पाहुण्यांची झुंबड आणि गावाचा रोष आला. तिचे घरही जाळले गेले.

पुढे अमेरिकेत १९७० च्या कायद्याने आणि जगभर १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या द्रव्यांवर कडक बंधने आली. भारतातही १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली सिलोसायबिन प्रतिबंधित आहे. या द्रव्यांवरचे संशोधन कित्येक वर्षे जवळजवळ ठप्प झाले.

दरवाजा पुन्हा किलकिला केला तो रुग्णांनी. १९९८ च्या सुमारास एका स्कॉटिश रुग्णाने आपल्या सहरुग्णांना कळवले, की ही द्रव्ये घेतल्यापासून त्याचे ठरलेले झटके आलेच नाहीत. इतरांनी अळंबी थोड्या प्रमाणात घेऊन पाहिली. २००२ मध्ये बॉब वोल्ड या अमेरिकी रुग्णाने ‘क्लस्टरबस्टर्स’ ही संस्था काढली आणि डॉक्टरांचा पाठपुरावा केला. त्यातून अँड्र्यू स्यूएल, जॉन हॅल्पर्न आणि हॅरिसन पोप यांनी ५३ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा निबंध २००६ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. चालू झटक्यावर सिलोसायबिन घेतलेल्या २६ पैकी २२ जणांनी झटका थांबल्याचे सांगितले होते. पण सांगणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. ज्यांना गुण आला, तेच बोलायला पुढे येतात.

खरी कसोटी येल विद्यापीठात एमान्युएल शिंडलर यांनी लावली. रुग्णांना पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा सुमारे दहा मिलिग्रॅम सिलोसायबिन किंवा नुसती पोकळ गोळी देण्यात आली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. सिलोसायबिनच्या गटात आठवड्याला सरासरी तीन झटके कमी झाले होते. पण रुग्ण अवघे १४ असल्याने हा फरक योगायोगाचा नाही, असे छातीठोकपणे म्हणता आले नाही. २०२४ मध्ये डेन्मार्कमधील दहा रुग्णांच्या पाहणीत झटके सुमारे एकतृतीयांशाने घटले. तिथे तुलनेसाठी पोकळ गोळीचा गट नव्हता.

एक गैरसमज दूर करायला हवा. हल्ली जिला ‘मायक्रोडोसिंग’ म्हणतात, ती रोजच्या कणभर मात्रेची पद्धत ही नव्हे. या चाचण्यांतली मात्रा मध्यम आणि मोजक्याच वेळची होती, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. रानातली छत्री तोडून खाणे हा तर जिवाशी खेळ आहे. विषारी अळंबी ओळखण्यात जाणतेही चुकतात. शिवाय हाताशी असलेला उपाय विसरू नये. मुखवट्यातून जोराने दिलेला शुद्ध प्राणवायू बहुसंख्य झटके पंधरा मिनिटांत शमवतो, हे २००९ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले आहे.

अळंबी औषध ठरेल की नाही, याचा निकाल अजून लागायचा आहे. पण तो प्रश्न विचारायला लावला तो रात्री दोन वाजता डोके धरून येरझाऱ्या घालणाऱ्या माणसांनी. कायदा मोडण्याचा धोका पत्करण्याची वेळ त्यांच्यावर आली, कारण त्यांचे म्हणणे तपासून पाहायला वर्षानुवर्षे कोणी तयार नव्हते. त्यांनी सांगितले ते सारे खरे निघेलच असे नाही. ते तपासून पाहणे मात्र आपले कर्तव्य होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)